टायरच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली: नागपूरच्या परिवहन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी,
नागपूर शहर, नागपूर पूर्व आणि नागपूर ग्रामीण

विषय: मोटारगाड्यांच्या झिजलेल्या सस्पेन्शनची तपासणी, विशेषतः शाळेच्या व्हॅन आणि महामार्गावर जाणाऱ्या गाड्यांबाबत.

महोदय,

समृद्धी महामार्गावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासण्याची मोहीम परिवहन विभागाने राबवली, तेव्हा प्रवाशांची अडवणूक होते म्हणून कुरकुर करणारे बरेच होते. माझ्या मते ते पाऊल योग्यच होते, आणि हे पत्र त्याच्या पुढच्या पायरीविषयी आहे. टायर ज्या भागांच्या आधाराने रस्त्याला टेकलेला असतो ते भाग, म्हणजे सस्पेन्शनचे शॉकअप (उसळी जिरवणारी तेलाची नळी), स्प्रिंग, लोअर आर्म (चाक सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा), त्याचे बुश (जोडातील रबरी गादी), बॉल जॉइंट (चाक वळू देणारा गोलाकार जोड), लिंक रॉड (गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांड्याची जोडकाठी) आणि स्टिअरिंगचे टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचे टोक), झिजलेले असतील तर कोरा करकरीत टायरही आपले काम धड करू शकत नाही. चाकांची अलाइनमेंट (म्हणजे चाकांचे कोन जुळवणे) आणि सस्पेन्शनची दुरुस्ती हा नागपुरातला माझा व्यवसाय आहे. त्यामुळे या मागणीत माझा स्वार्थ आहे असे कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाही. मात्र पुढे जे मांडले आहे ते कोणत्याही जाणत्या मेकॅनिककडून पडताळून घेता येईल.

अडचणीचे मूळ असे की गाडीमालक सस्पेन्शनकडे आरामाची बाब म्हणून पाहतात. ब्रेक लागत नसेल तर माणूस त्याच दिवशी गॅरेज गाठतो, पण खालून खडखड आवाज येत असेल तर तो गाण्यांचा आवाज वाढवतो आणि दुरुस्ती दिवाळीनंतरवर ढकलतो. वास्तविक हा ब्रेकचाच प्रश्न आहे. खड्ड्याचा दणका स्प्रिंग झेलते, परंतु झेललेली ऊर्जा ती लगेच परत फेकते. ती उसळी जिरवण्याचे काम शॉकअपचे असते. त्याच्या नळीतील दट्ट्या तेलातून वर-खाली होतो, तेल बारीक झडपांमधून कष्टाने पुढे सरकते आणि उसळीची उष्णता होऊन ती हवेत निघून जाते. एका किलोमीटरच्या प्रवासात हा दट्ट्या सरासरी हजारेक वेळा हलतो. सील झिजून तेल गळू लागले, झडपा सैल झाल्या किंवा आतल्या नायट्रोजनचा दाब उतरला की उसळी जिरत नाही आणि चाक रस्त्यावर नाचू लागते. आत बसलेल्या माणसाला हा नाच कळतोच असे नाही, कारण चाक सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरत असते आणि त्याच वेळी वरचा सांगाडा जेमतेम एक-दोनदा हेलकावतो.

टायरची पकड त्याच्यावर त्या क्षणी असलेल्या भारावर ठरते, आणि भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून चाकावरचा भार क्षणात जास्त, क्षणात कमी होत राहिला, तर जास्त भाराच्या क्षणी मिळालेली पकड कमी भाराच्या क्षणी गमावलेल्या पकडीची भरपाई करीत नाही, आणि सरासरीत गाडी तोट्यातच राहते. एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत यात आणखी एक भर पडते. ब्रेक दाबलेला असताना चाक उसळून हलके झाले की ते पटकन मंदावते, चाक घसरत आहे असा संगणकाचा समज होतो आणि तो त्या चाकाचा ब्रेक सोडतो. चाक पुन्हा रस्त्याला टेकते तोपर्यंत काही मीटर निघून गेलेले असतात. गुळगुळीत रस्त्यावर खराब शॉकअपमुळे थांबण्याचे अंतर फारसे वाढत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नेमक्या याच कारणाने मोकळ्या, सपाट पट्ट्यावर ब्रेक मारून पाहणाऱ्याला गाडी उत्तम असल्याचा निर्वाळा मिळतो, आणि दोष उघडा पडतो तो पावसाळ्यात खडबडीत उतारावर किंवा पुलाच्या सांध्यावर.

समृद्धीचा उल्लेख सुरुवातीला केला तो याच संदर्भात. ७०१ किलोमीटरच्या या मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, म्हणजे गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. शहरात ताशी ६० च्या वेगाने धावणाऱ्या गाडीच्या चौपट ऊर्जा तिच्या अंगात असते. नागपूरकराची गाडी वर्षभर मानेवाडा ते सीताबर्डी अशी चाळीसच्या वेगाने फिरत असते आणि त्या वेगाला तिचे दुखणे सोसवते. तीच गाडी सुट्ट्या लागल्या की चार माणसे आणि डिकी भरून सामान घेऊन शिर्डीकडे निघते. समोरच्या ट्रकने अचानक लेन बदलली म्हणून स्टिअरिंग आधी उजवीकडे आणि लगेच डावीकडे वळवावे लागले, तर पहिल्या वळणात एका बाजूला कललेली गाडी सावरण्याच्या आतच दुसरे वळण येते. शॉकअप चांगला असेल तर तो हे कलणे वेळेत आवरतो. तो निकामी असेल तर दोन्ही हेलकावे एकावर एक चढतात, मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि त्यानंतर चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही. अशा अपघाताच्या बातमीत कारण लिहिले जाते ते ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ असे. ते खोटे नसते, पण नियंत्रण का सुटले हे त्यातून कळत नाही.

शॉकअपपेक्षाही अधिक दुर्लक्षित राहतात ते रबरी बुश. लोअर आर्म सांगाड्याला या बुशच्या आधाराने जोडलेला असतो, आणि बुश फाटला की ब्रेक मारताना चाक किंचित मागे सरकते, त्याचे तोंड वळते आणि गाडी एका बाजूला ओढली जाते. ब्रेक सोडला की ती उलट बाजूला झेपावते. चालक स्टिअरिंगने ते सावरत राहतो आणि हळूहळू त्याला त्याची सवय होते. माझ्याकडे येणारे कित्येक ग्राहक वारंवार अलाइनमेंट करून घेतात आणि तरीही टायर आतल्या बाजूने खातो अशी तक्रार करतात. गाडी उभी असताना यंत्राच्या पडद्यावर सगळे आकडे हिरवे दिसतात, कारण उभ्या गाडीच्या बुशवर ब्रेकचा ताण नसतो. सैल जोड तसेच ठेवून केलेली अलाइनमेंट म्हणजे निव्वळ पैशांचा अपव्यय आहे, हे आमच्या व्यवसायातील सर्वांना माहीत असते आणि ग्राहकाला ते सांगणारे थोडे असतात.

नागपूरच्या हवेचा आणि रस्त्यांचा या रबराशी विशेष वैरभाव आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि रस्त्याचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी अधिक तापतो. त्या धगीत वर्षानुवर्षे राहिलेले रबर कडक होते, त्याला भेगा जातात आणि बॉल जॉइंटवरची रबरी टोपी चिरते. मग पाऊस सुरू होतो आणि त्या चिरेतून पाणी व बारीक माती आत शिरून ग्रीस धुऊन नेते. शहरातील सिमेंटचे रस्ते गाडीसाठी चांगले की वाईट हा वाद इथे नको, परंतु सिमेंटचा रस्ता संपून गट्टूंची कडा किंवा जुनी डांबरी गल्ली सुरू होते तिथली पायरी, आणि रस्त्याच्या पातळीपासून खाली गेलेली चेंबरची झाकणे, यांचा मार थेट पुढच्या चाकांना बसतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने तो सुखाने ओलांडता येतो. आपल्या वस्त्यांतील किती गतिरोधक या मापात बसतात हे आपण रोज पाहतोच. तो विषय महापालिकेचा असल्याने इथेच सोडतो.

बॉल जॉइंटबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन असते. स्वस्त, सुटसुटीत आणि कमी जागेत बसणारी ही रचना १९४०च्या दशकात अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने विकसित केली. तीत चाकाचा खालचा भाग धरून ठेवायला प्रत्येक बाजूला एकच बॉल जॉइंट असतो आणि त्याला पर्यायी आधार नसतो. झिजत झिजत त्याची खुंटी खोबणीतून निसटली की चाक आडवे होते, गाडीचे नाक त्या बाजूने खाली बसते, एक्सल शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढला जाऊ शकतो, ब्रेकच्या नळीला ताण बसतो आणि स्टिअरिंग निरुपयोगी होते. पुष्कळदा हे तीव्र वळणावर किंवा गतिरोधकावर, वेग कमी असताना घडते आणि माणसे वाचतात. एखाद्या चौकात पुढचे एक चाक विचित्र कोनात मोडून उभी राहिलेली गाडी आपण पाहिली असेल, तर ती बहुधा यातलीच असते. वेग कमी असतानाच हे घडेल अशी खात्री मात्र कोणीही देऊ शकत नाही. बॉल जॉइंट एका दिवसात सुटत नाही. सुटण्याआधी पुष्कळ काळ तो हलत असतो, वाजत असतो, आणि तपासणाऱ्याला पाच मिनिटांत सापडू शकतो.

तो सापडायचा तर गाडीचे चाक जमिनीवरून उचलावे लागते, हा या पत्राचा गाभा आहे. बॉनेटचा कोपरा दाबून गाडी किती वेळा हेलकावते हे पाहण्याची जुनी रीत पूर्ण मेलेला शॉकअप दाखवते, निम्मा गेलेला दाखवत नाही. गाडीचा भार चाकांवर असेपर्यंत बॉल जॉइंट दाबलेला राहतो आणि धडधाकट वाटतो. पुढचा सांगाडा जॅकवर घेऊन चाक लटकते ठेवले, टायरच्या वर आणि खाली हात ठेवून ते हलवले आणि त्याखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून उचलून पाहिले, की खालचा खेळ, म्हणजे जोडाचा सैलपणा, लगेच हाताला कळतो. हलवताना दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा समजावा, तसाच राहिला तर जॉइंटचा. हात डावी-उजवीकडे ठेवून हलवल्यास टाय रॉड एंड आणि रॅक एंडची (त्याच दांड्याच्या आतल्या टोकाची) झीज समजते. स्वयंचलित चाचणी केंद्रांतील जोड तपासणारे यंत्र याच तत्त्वावर चालते: चाकांखालच्या पोलादी पाट्या हायड्रॉलिक दाबाने सरकवल्या जातात आणि खालच्या खड्ड्यात उभा असलेला तपासनीस प्रकाश टाकून एकेक जोड पाहतो. शॉकअपसाठीचे यंत्र चाकाला सेकंदाला पंचवीसेक वेळा हादरवून हळूहळू थांबू देते आणि त्या अवधीत चाकाचा रस्त्यावरचा दाब जास्तीत जास्त किती उतरला ते मोजते. उभ्या गाडीचा दाब शंभर धरला आणि तो हादऱ्यात वीसच्या खाली गेला, तर तो शॉकअप बदलण्याच्याच लायकीचा मानला जातो.

कायद्याची चौकट आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र लागते ते परिवहन वाहनांना. ते आठ वर्षांपर्यंतच्या वाहनासाठी दोन वर्षांचे आणि त्यापेक्षा जुन्यासाठी एक वर्षाचे असते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांसाठी होते, आणि त्या संपूर्ण काळात तिच्यावर बंधनकारक असलेली नियमित तपासणी फक्त धुराची, म्हणजे पीयूसीची. दरवर्षी बारा हजार किलोमीटर धावणारी गाडी या काळात पावणेदोन लाखांहून अधिक किलोमीटर पार करते, आणि तिच्या पोटाखाली काय चालले आहे हे पाहण्याची जबाबदारी सर्वस्वी मालकाच्या इच्छेवर सोडलेली असते. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी, जर्मनीत तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी तिची तपासणी सक्तीची असते आणि सस्पेन्शन हा तिचा ठरलेला भाग असतो. तशी सक्ती आणणे जिल्ह्याच्या कार्यालयाच्या हाती नाही याची मला कल्पना आहे, म्हणून ती मागणी मी आपल्याकडे करीत नाही. धोकादायक स्थितीतील वाहन रस्त्यावर आणण्याबाबतचे कलम १९० हाताशी आहेच, पण दंडाने हा प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही, कारण बहुतेक मालकांना आपली गाडी धोकादायक आहे हे ठाऊकच नसते.

आपल्या हाती जे आहे त्यात सर्वांत आधी शाळेच्या व्हॅन याव्यात. यातील अनेक गाड्यांना मागे सीएनजीचे पोलादी सिलिंडर बसवलेले असते. साठ लिटरच्या रिकाम्या सिलिंडरचे वजनच साठ किलोच्या आसपास भरते. त्यावर दप्तरांसह मुले, तीही कधीकधी परवानगीपेक्षा जास्त. मागच्या कमानीचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) पाटे सपाट झालेले, शॉकअपचे तेल गळून त्यावर धुळीचा थर बसलेला, आणि ओझ्याने मागे झुकलेल्या गाडीची पुढची चाके हलकी झाल्याने ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही अर्धवट, अशा अवस्थेत ती रोज सकाळी गल्लोगल्ली फिरते. वेग कमी असतो म्हणून निभावते. राज्यातील शालेय बससाठीची नियमावली २०११ पासून लागू आहे आणि आसनसंख्या, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी यांची तपासणी तिच्यामुळे होते. त्याच वेळी पुढची दोन चाके उचलून पाहण्यास फार तर पंधरा मिनिटे अधिक लागतील. व्हॅनमालकांची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. पालक महिन्याच्या शुल्कात शंभर रुपयांची वाढ सहन करीत नाहीत, आणि मग हा माणूस तेल भरून, रंग मारून ‘रिपेअर’ केलेला शॉकअप विकत घेतो, जो थोड्याच महिन्यांत पुन्हा गळू लागतो. गाडीचे बूड घासू नये म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकवण्याची टूमही याच काटकसरीतून आली आहे. त्याने गाडी वर उचललेली दिसते, पण स्प्रिंगचे काही वेढे जखडले जातात आणि एरवी सर्व वेढ्यांत विभागला जाणारा ताण मोजक्या वेढ्यांवर येतो. खासगी गाड्यांतही हे बफर सर्रास दिसतात, आणि ते बसवून देणारे आमच्याच व्यवसायातील लोक आहेत.

म्हणून तपासणीत सापडलेल्या दोषांची प्रतवारी असावी असे मी सुचवतो. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडला स्पष्ट खेळ असेल, कमानीचा मुख्य पाटा तुटलेला असेल, तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत मुलांना घेऊन निघता कामा नये; इथे सवलत नको. शॉकअपवर तेलाचा नुसता ओलावा असेल, लिंक रॉड वाजत असेल किंवा बुशला वरवरच्या भेगा असतील, तर लेखी नोंद करून पंधरा दिवसांची मुदत द्यावी आणि पहिल्या खेपेस दंड आकारू नये. शॉकअप एकाच आसावर नेहमी जोडीने बदलावेत आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावी, ही सूचना त्या कागदावरच छापलेली असावी. गॅरेजवाल्यांसाठीही एक ओळ त्यात हवी: लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळू नयेत, चाके जमिनीला टेकवून भार आल्यावरच आवळावेत, कारण लटकत्या स्थितीत आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळला जातो आणि नवा असूनही लवकर फाटतो. इतकी साधी गोष्ट नागपुरात रोज कितीतरी ठिकाणी चुकते.

वेळेच्या दृष्टीने विदर्भाला एक सोय आहे. उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. त्या आधीच्या आठवड्यांत व्हॅन उभ्याच असतात, पाऊस तोंडावर आलेला असतो, आणि पाणी साचलेल्या रस्त्यावर टायर तरंगण्याचा धोका खराब शॉकअपमुळे लवकर उद्भवतो. तपासणीसाठी याहून सोयीचा काळ नाही. खासगी गाड्यांसाठी जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानात, नेत्रतपासणी आणि हेल्मेटच्या प्रबोधनाबरोबर, ऐच्छिक आणि विनामूल्य सस्पेन्शन तपासणी ठेवता येईल. समृद्धीवर जाण्याआधी किंवा शॉकअप कंपन्यांच्या शिफारशीनुसार साधारण दर २०,००० किलोमीटरनंतर ती करून घ्यावी, असे आवाहन पीयूसी केंद्रांवर लावलेल्या साध्या फलकातूनही करता येईल. ज्या परिवहन वाहनांची योग्यता तपासणी स्वयंचलित केंद्रात होते, त्यांच्या मालकांना सस्पेन्शनचे आणि जोडांच्या खेळाचे निष्कर्ष चाकनिहाय छापून मिळावेत, केवळ ‘उत्तीर्ण’ असा शेरा मिळू नये; मागच्या वर्षीचा आकडा हाती असला की या वर्षीची घसरण मालकाला स्वतःच वाचता येते.

येत्या जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शहरात एका मैदानावर अशी तपासणी घेण्याचे आपण ठरवल्यास, जॅक, स्टँड, टॉमी आणि टॉर्च घेऊन मी माझ्या दोन कारागिरांसह मोबदला न घेता हजर राहीन, आणि या व्यवसायातील इतरांनाही येण्याची विनंती करीन. दुरुस्तीचे काम त्या जागी कोणीही घेऊ नये आणि आपल्या गॅरेजचे कार्ड कोणीही वाटू नये, ही अट आपणच घालावी. जागा सपाट आणि फरसबंद असावी, कारण मातीवर जॅक सुरक्षित उभा राहत नाही. तारीख आणि ठिकाण आपण कळवावे.

आपला,
नागपुरातील एक अलाइनमेंट व्यावसायिक